सुपाच्या पाण्यावर दोन जॅकेटं आणि तीन माणसं

जोयड्याला जायचं ठरलं ते माझ्या दिराने इंटरनेटवरून हवा भरायची रबरी बोट मागवली म्हणून. केतनला पोहता येतं, म्हणजे बेळगावातल्या क्लबच्या तलावात चार फेऱ्या मारता येतात. त्या जोरावर तो सुपा धरणाच्या पाण्यावर बोट उतरवणार होता. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की बोट शांत पाण्यासाठी आहे आणि काठाजवळच वापरावी. मी ते वाचून दाखवलं. “वहिनी, असं सगळ्याच वस्तूंवर लिहितात,” तो म्हणाला.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. खानापूर सोडल्यावर रामनगरपर्यंत गोव्याचे ट्रक पुढे लागतात आणि रस्ता जागोजागी उखडलेला आहे. रामनगरात बसस्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिखट आणि स्वस्त. पेट्रोल तिथेच भरून घ्या. पुढे जगलबेट, गणेशगुडी आणि मग जोयड्याचा रस्ता, दोन्हीकडे दाट जंगल. धरणाजवळ पाण्यात उतरायला बंदी आहे. आम्ही पाण्याच्या वरच्या टोकाला, एका शेतकरी बाईच्या घरी उतरलो. माणशी पंधराशेत राहणं आणि दोन वेळचं जेवण. लाल तांदळाचा भात, कंदाचे तळलेले काप आणि माशाची आमटी. एवढ्यासाठीसुद्धा तिथे जावं.

त्या बाईंचं नाव सुमित्राक्का, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांचं अर्धं शेत पाण्यापलीकडे, म्हणून त्या रोज लाकडी होडी वल्हवत जातात. जेवणं झाल्यावर केतन अंगणात पंप मारू लागला, तेव्हा त्या हात पुसत बाहेर आल्या.

“आत्ता न्हाई जायाचं,” त्या म्हणाल्या. “दुपारनं वारं सुटतंय. सकाळी जावा, काठाकाठानं फिरा. आत खालती झाडं हाइत बुडल्याली.”

“मावशी, तळं आहे हे. समुद्र नाही,” केतन हसत म्हणाला.

“समुद्र मी बघितल्याला न्हाई,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

लाइफ जॅकेटं दोनच होती. केतनला पोहता येत असल्यामुळे त्याला गरज नव्हती, असं त्याचं म्हणणं. माझे यजमान सुधीर मोठे भाऊ, पण धाकट्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. आणि मी? मला कळत होतं. तरी बसले, कारण वहिनी घाबरट आहेत हे मला ऐकायचं नव्हतं. इतक्या हलक्या कारणासाठी माणूस पाण्यात जातं.

पहिली वीस मिनिटं पाणी आरशासारखं होतं. केतनने फोटो काढले. त्याला मधोमध जायचं होतं. काठ हाताच्या पंजाएवढा दिसायला लागला तेव्हा वारा आला. लाटा मोठ्या नव्हत्या, गुडघाभरच, पण एकामागोमाग एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. हवेची बोट पाण्यात बसत नाही, वर तरंगते. वारा नेईल तिकडे ती गरगरत निघाली. वल्ही खेळण्यातली. सुधीर टोपीने पाणी उपसत होते. मग खालून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला आणि माझ्या बाजूची रबराची कड मऊ पडू लागली. बुडालेल्या झाडाचा शेंडा लागला होता.

तेव्हा केतनने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला. दोन्ही हातांनी. वल्हं सोडून दिलं. पोहता येणारा माणूस, मला खाली ओढत होता. सुधीरनी त्याच्या हातावर जोरात फटका मारला. आयुष्यात पहिल्यांदा. पट्टा सुटला. उरलेल्या एका वल्ह्याने सुधीर आणि हाताने मी, असं करत आम्ही वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाला लागलो, कमरेइतक्या चिखलात. मोबाइलला रेंज नाही, वर नुसतं जंगल.

दोन तास बसलो. ऊन उतरलं, वारा पडला, तेव्हा सुमित्राक्का काठाकाठाने होडी घेऊन आल्या. अंगात जॅकेट होतं, बक्कल तुटलेलं, सुतळीने बांधलेलं. बरोबर आणखी तीन.

“तुम्ही बघत होता ना आम्हाला?” केतनने विचारलं. “मग लगेच का नाही आलात?”

“वाऱ्यात आली असती तर तिघांच्या जागी चौघं झाली असती,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं हिरीत उतरताना दोर बांधत न्हाईत व्हय?”

घरी पोचल्यावर त्यांनी गरम पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

बेळगावला आल्यावर आठ दिवसांत ही हकिकत थरारक सहल झाली. फोटो सगळ्यांकडे गेले, अर्थात पहिल्या वीस मिनिटांतले. एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते, तेव्हा केतन म्हणाला की बोटीला ठिगळ लावून घेतलंय, मे महिन्यात मुलांना नेतो. मुलं सात आणि दहा वर्षांची. माझी जाऊ नीता कौतुकाने ऐकत होती. सुधीर ताटाकडे बघत होते.

मी वाढण्याचं भांडं खाली ठेवलं आणि नीताला सगळं सांगितलं. जॅकेटं किती होती, बाईंनी काय बजावलं होतं, पट्टा कोणी धरला होता आणि कसा सुटला. केतन म्हणाला, “वहिनी, तुम्ही वाढवून सांगताय.” तेव्हा सुधीर म्हणाले, “नाही. असंच झालं.”

त्याला सहा महिने झाले. केतन माझ्याशी नीट बोलत नाही. मे महिना मात्र दोन्ही मुलांनी माझ्याकडे पत्ते कुटण्यात घालवला, आणि धाकटी दर डावाला लबाडी करत होती.