डॅशबोर्डाला शिसव की अक्रोड

आमचे भीमराव दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्मभर माल तपासायला होते. केसाएवढी चीर दिसली तरी अख्खी पेटी परत पाठवायचे, आणि घरी आल्यावर माझ्या पोळ्यांकडेही त्याच नजरेने बघायचे. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर विहाराची वाट धरावी, तर यांनी धरली भंगारवाल्याची. खडकीतल्या एका बंद बंगल्यातून जुनी विलायती स्पोर्ट्स कार उचलून आणली. दोन सीटची, वर टप नाही आणि खाली पत्राही नाही. तेव्हापासून इमारतीच्या पार्किंगमध्ये माझी सवत नांदते आहे.

इंजिन झालं, रंग झाला, सीटांना कातडं चढलं. राहिला फक्त डॅशबोर्ड. तो लागला की येत्या रविवारी मला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत कात्रजच्या घाटात न्यायचं, हे त्यांनी सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू, मीही डोक्याला बांधायला स्कार्फ आणला होता.

पण डॅशबोर्डाचं घोडं काही पुढे सरकेना. सुतारकाम करणाऱ्या तालिबने लाकडाचे दोन नमुने दिले होते, एक शिसवीचा, एक अक्रोडाचा, दोन्हींवर सारखंच झळझळीत पॉलिश. हे तुकडे घेऊन भीमराव दारोदार फिरले. वॉचमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, वरच्या मजल्यावरच्या वेणूबाईंना विचारलं, की यातलं कुठलं उठून दिसतं. गॅलरीत जाऊन तुकडा नाकाशी धरायचे, तिरका करायचे, परत ठेवायचे. मला वाटलं, कारखान्यातली खोड अजून जिरलेली नाही. मी म्हटलंसुद्धा, मला बघायला आलात तेव्हा चहा निवायच्या आत होकार दिलात, आणि एका फळीला महिना लागतो? त्यावर ते तुकडा घेऊन परत गॅलरीत गेले. एरवी उत्तर उधार ठेवणारा माणूस नव्हे.

शेवटी ठरली शिसव. गुरुवारी सकाळी त्यांचा खालून फोन आला, लागला डॅशबोर्ड, लगेच ये. मी तशीच ओल्या हाताने खाली गेले. भीमराव स्टिअरिंगमागे बसले होते आणि डॅशबोर्डावरून तळवा फिरवत होते.

"बघ ललिता, काय रेषा उतरल्यात. वाहत्या पाण्यासारख्या."

मी बघितलं. समोर सनमायका होता. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून उरलेला, सपाट तपकिरी तुकडा. त्याच्यावर एकसुद्धा रेष नव्हती. होती ती तालिबने काढलेली पेनाची वर्तुळं, एक बाण आणि चार उघडे स्क्रू.

तेवढ्यात तालिब ड्रिल घेऊन आला आणि म्हणाला, काका, हा नुसता मापाला लावलाय, डायल नीट बसले की मग शिसव कापू. पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं, कारण भीमरावांचा हात जागच्या जागी थांबला होता.

"अहो, तुम्हाला दिसत नाही का?" मी विचारलं.

"कडेचं दिसतं," ते म्हणाले. "बघायला जावं तेवढंच पुसलं जातं."

हे दिवाळीपासून चाललं होतं, त्यांनी आत्ता कबूल केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार काही परत यायचं नाही. आणि या माणसाने परवा मला स्कूटरवर मागे बसवून बाजारात नेलं होतं! मला आधी धडकी भरली आणि मग संताप आला. मला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गाडी पुरी होऊ दिली नसतीस."

खरं होतं ते. पण त्यांचं संपलं नव्हतं. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, घाट मला पाठ आहे, एकदाच जाऊन येऊ, असं ते अगदी शांतपणे म्हणाले, भाजी आणायला निघाल्यासारखे. मी वाकून किल्ली ओढून काढली. या गाडीचा आरसासुद्धा त्यांनी कधी मला पुसू दिला नव्हता. आज किल्ली काढू दिली. हातही आडवा घातला नाही. तेव्हा मात्र मी दार धरून उभी राहिले.

तालिब बिचारा ड्रिल या हातातून त्या हातात घेत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, मग काका, शिसवच कापू ना?

भीमराव खाली उतरले. मडगार्डवर हात ठेवत ठेवत गाडीला वळसा घालून माझ्याजवळ आले.

"काकूला विचार," ते म्हणाले. "आता बघायचंय ते तिलाच."