भिंगरी आणि सकाळचा टँकर

माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. भिंगरी आमच्याकडे आली ते दुष्काळाचं पहिलं वर्ष की दुसरं, यावर माझं आणि बायकोचं, मालतीचं, अजून एकमत नाही. पण घरात मांजर असलं की किस्से त्याच्या केसांसारखे साठतात. कितीही झाडा, सोफ्याखाली सापडतातच!

*

जालना रोडजवळची आमची कॉलनी तेव्हा नवीन होती. निम्मी घरं, निम्मे खड्डे. बांधकामाच्या वाळूत हे पिल्लू सापडलं. चार पावलं टाकली की डावीकडं कलंडायचं.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूतला तोल सांभाळणारा भाग जन्मतःच अपुरा आहे. तिला दुखत नाही. जगेल. फक्त गाड्यांपासून जपा, हिला पटकन उठून पळता येणार नाही."

मी घाबरून विचारलं, "आणखी काही काळजी?"

"ती तुम्ही आधीच करताय!"

*

शेजारच्या पवारकाकू करमाडकडच्या शेतकरी घरातल्या, मुलाच्या नोकरीमुळं शहरात आलेल्या. त्यांनी भिंगरीला अंगणात झुलत चालताना बघितलं आणि मालतीला हळूच बाजूला घेतलं.

"ताई, सर घेतात व्हय?"

"काय घेतात?"

"नाय, त्यांचं ते बघून घेतील. पण मुक्या जिवाला तरी नका पाजू म्हणावं!"

*

आमच्या गुळगुळीत फरशीवर तिचे चारही पाय चार दिशांना जात. मी गुलमंडीत काथ्याच्या चटया घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "घरात कार्यक्रम आहे का सर? किती माणसं?"

"एक मांजर."

त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "सोबत कुणी आलंय का?"

*

पाणी आठवड्यातून एकदा यायचं, आणि भिंगरीनं वाटीत तोंड घातलं की वाटी उलटायची! माझी पीएचडी यंत्रशास्त्रातली. रात्रंदिवस विचार करून मी तारेचं एक स्टँड बनवलं. भिंगरी स्टँडसकट उलटली.

मालतीनं माळ्यावरचा दगडी खल काढला, पाणी भरून समोर ठेवला. भिंगरीनं धडक दिली. खल हलला नाही.

"तुमच्या पीएचडीत मांजर नव्हतं वाटतं," मालती म्हणाली.

*

आता टँकरचं. आमच्या गल्लीचा नंबर दुपारी. सकाळी भिंगरी घरातून हलायची नाही, पण दुपारी दारापुढच्या लिंबाच्या सावलीत, भर रस्त्यात पसरायची. टँकरवाले सलीमभाई लांबूनच ओरडायचे, "प्रोफेसर साब, पैले बेगम को उठाव! बाद में पानी!" मी धावत जाऊन तिला उचलायचो.

एके दिवशी माझा डोळा लागला. ब्रेकच्या आवाजानं बाहेर आलो, तर चाक आणि भिंगरी यांच्यात वीतभर अंतर. ती उठायची खटपट करत होती. सलीमभाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले होते. मी तिला उचलून घरात नेलं.

दुसऱ्याच दिवशी टँकरच्या ऑफिसात गेलो. मांजराचं कसं सांगणार? म्हणून दुपारच्या उन्हात पाण्याचं बाष्पीभवन किती होतं, यावर तासभर बोललो. आणि खरंच, पुढच्या आठवड्यापासून टँकर सकाळी, सगळ्यात आधी आमच्या गल्लीत! कॉलनीनं लिंबाखाली माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मलाही वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपलं शिक्षण कुणाच्या उपयोगी पडलं.

*

पुढं बऱ्याच वर्षांनी छावणीच्या बाजारात सलीमभाई भेटले. पहिला प्रश्न, "बेगम कैसी है?"

"म्हातारी झाली. दिवसभर झोपते." मग राहवेना, म्हणून विचारलं, "त्या वेळी ऑफिसनं तुम्हाला काय सांगितलं होतं हो? बाष्पीभवनाचं?"

"ऑफिस? मेरेकू किसीने कुछ नै बोला साब. गल्ल्यांचा नंबर मैंच लगाता था. दोपहर को बेगम रस्ते में सोती, सवेरे घर में रैती. तो पैले तुमारी गल्ली करता था, बस."

घरी आलो. सत्काराची शाल भिंगरीच्या अंगाखाली होती. मिळाली त्या दिवसापासून तिथंच आहे.