रुखवतातला माऊस

दादाच्या लग्नात करवली म्हणून मिरवत मी रुखवताच्या टेबलापाशी गेले, तेव्हा क्रोशाचे रुमाल आणि सुपारीचे नवरा-नवरी यांच्या मधोमध एक पांढरा माऊस मांडलेला दिसला. खाली लोकरीचं चौकोनी आसन, भोवती मोत्यांची झालर. वहिनीचा गेम खेळायचा तो माऊस तिच्या वर्तकनगरच्या मैत्रिणींनी गंमत म्हणून ठेवला होता. सगळे हसत होते, फोटो काढत होते, मीही हसले. मग कोणी बघत नाही असं पाहून मी तो उचलला. आत काही नसावंच इतका हलका होता. पंगतीत मला जिलबी गोड लागली नाही.

तोवर आमच्या घरात खेळणारे आम्ही दोघंच, दादा आणि मी. मानपाडा रोडवरच्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये एका लांब टेबलावर शेजारी शेजारी दोन कॉम्प्युटर होते. आमचा खेळ बंदुकांचा, दोघांच्या टीमचा. तो पुढे घुसायचा आणि मागून त्याला सांभाळायचं काम माझं. मी दहावीत असल्यापासून ही वाटणी ठरलेली. जिंकलो की तो माझ्या डोक्यावर टपली मारायचा आणि हरलो की चहा करायला मला उठवायचा. एवढंच बोलणं. पण त्याच्या शेजारची ती खुर्ची माझी आहे, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

लग्नानंतर त्याचा कॉम्प्युटर बेडरूममध्ये गेला. त्याच्या शेजारी वहिनीचा लॅपटॉप आला आणि लॅपटॉपशेजारी तो पांढरा माऊस. मी आणि आई हॉलमध्ये. रविवारी दुपारी दाराआडून दादाचा आवाज यायचा, "डावीकडे बघ, डावीकडे, मी जातोय." माझ्यासाठी जन्माला आलेली वाक्यं तो दुसऱ्या कोणाला तरी सांगत होता. कधीमधी दार उघडून तो मलाही विचारायचा, येतेस का. पण टीम दोघांची. मी गेले की वहिनी उठून मला जागा द्यायची, आणि तिने दिलेली जागा मला नको असायची. मी म्हणायचे, काम आहे.

मी जळत होते. सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी बाई एका वाटीएवढ्या वस्तूवर जळत होती. सासुरवाशिणीला छळणाऱ्या नणंदांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या होत्या आणि त्या बायकांना नावं ठेवली होती. आता त्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी होती असं वाटायला लागलं.

माझा जुना माऊस पहिल्या कॉम्प्युटरबरोबर आलेला होता, काळा आणि चांगला दणकट. अंगठ्याजवळची त्याची छपाई पार पुसून गेली होती. माझं खेळणं मागे पडलंय ते या धोंड्यामुळेच, असं मी ठरवून टाकलं. तसं ठरवणं सोपं होतं. आई म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." तिला यातलं काही कळत नाही, असं मी स्वतःशी म्हटलं.

आई फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे घरात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एके दिवशी दादा-वहिनी बाहेर गेले असताना मी पांढरा माऊस आणून त्यावर ठेवला. चौऱ्याऐंशी ग्रॅम. वायर काट्यावर लोळत होती हे मग लक्षात आलं. उंदराला शेपटीने धरावं तशी वायर वर धरली. एकसष्ट. पुसून, होता तसा, त्याच जागी नेऊन ठेवला. त्या दिवसापासून एकसष्ट हा आकडा माझ्या डोक्यात बसला. मला साठच्या आतला हवा होता.

दिवाळी जवळ आली तसं दादाने विचारलं, भाऊबीजेला काय हवं. मी म्हटलं, माऊस, हलका. दीड हजाराच्या आत बघ म्हणाला, आणि वर म्हणाला, "हिला घेऊन जा. हिला कळतं त्यातलं."

पंधरा दिवस मी सेन्सर, बटणं, वायरीचा मऊपणा यांच्यावरचे व्हिडिओ बघून डोळे फोडत होते, आणि कळत मात्र हिला होतं.

कल्याणला स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुकान आहे, तिथे काचेच्या काउंटरवर उघडे माऊस हाताळायला देतात. वहिनीने माझा हात धरून एकावर ठेवला. "तू तळहात टेकवत नाहीस, बोटांच्या टोकांनी धरतेस. तुला पाठ बसकी असलेला हवा." मी कसा धरते हे हिने कधी पाहिलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला फक्त राग आला. तिने निवडलेला माऊस अखंड पाठीचा, काळा होता आणि माझ्या हातात असा बसला की हात उचलावासा वाटेना. डब्यावर सहासष्ट ग्रॅम लिहिलं होतं. शेजारी एक होता, पाठीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पाडून वजन कमी केलेला. अठ्ठावन्न ग्रॅम. मी तोच घेतला. वहिनी हळूच म्हणाली, घरात फराळाची पिठं उडतायत, जाळीचा नको. माझा माऊस हिच्यापेक्षा हलका असलेला हिला बघवत नाही, असं मला वाटलं. आपण जळत असलो की समोरचाही जळतोय असंच दिसतं.

घरी आल्यावर डबा फोडला आणि जुना माऊस दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या भंगाराच्या पोत्यात टाकला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा पोतं जिन्यापर्यंत मीच नेऊन दिलं.

मग चार दिवस घरात चकल्या, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू. भाजणी चाळली जायची ती माझ्या टेबलापासून दोन हातांवर. मी संध्याकाळी एकटीच सराव करत होते, आणि हात खरंच झपाझप फिरत होता.

भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं आणि वहिनी तिच्या भावाला ओवाळायला वर्तकनगरला गेली. या दुपारची मी वाट बघत होते. मी दादाला म्हटलं, एक मॅच. तो लगेच तयार झाला, वहिनीचा लॅपटॉप हॉलमध्ये माझ्या शेजारी आणून बसला. कितीतरी महिन्यांनी तो पुढे घुसला आणि मी मागे राहिले. आणि ऐन वेळी माझा नेम अडकला. माऊस ओढला तर नेम जागचा हलेना, मग एकदम छताकडे उडाला. दादा मेला. दुसरी मॅच, तेच. तिसरीत मी माऊस आपटला. दादा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. लॅपटॉप मिटून म्हणाला, "जाऊ दे, संध्याकाळी ती आली की खेळू."

संध्याकाळी वहिनी आली. मला टेबलाशी तशीच बसलेली पाहून तिने माऊस उलटा केला, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि सेन्सरच्या भोकातून पीठ टोकरायला लागली. जाळीतून कागदावर चिमूट चिमूट भाजणी पडत होती. नको म्हटलं होतं, असं ती म्हणाली नाही.

"किती ग्रॅमचा गं हा?" तिने विचारलं.

"तुझ्यापेक्षा तीन कमी," मी ठसक्यात म्हटलं.

तिचा हात थांबला. "माझा किती आहे, तुला काय माहीत?"

मी चकलीचा डबा जवळ ओढला.

"आईंच्या काट्यावर ठेवलेलास?"

मी मान हलवली.

"वायर वर धरून?"

"हो."

ती पुन्हा पीठ टोकरायला लागली. मान खाली घालूनच म्हणाली, "मी पण ठेवलेला. तुझा जुना. लग्न होऊन आठवडापण नव्हता झाला. एकशे बारा. साखरपुड्यापासून ऐकतेय मी, मॅच हरलो की हा म्हणणार, माझी बहीण असती तर हरलो नसतो. म्हणून तर मी माझा पांढरा घेतलेला, हलका. तरी तेच. मग वाटलं तुझ्या माऊसमध्येच काही असेल. तू ऑफिसला गेलेलीस तेव्हा मी दोन मॅच खेळले त्या माऊसने. दोन्ही हरले."

मला तिची दया यायला हवी होती. मला आनंद झाला, इतका की तो लपवायला मी डब्यातली चकली उचलून तोंडात घातली. आणि चकली संपायच्या आत पुन्हा जळायला लागले, कारण दादा हे तिला बोलला होता, मला एकदाही नाही.

वहिनीने पिन बांगडीत परत अडकवली. "याचं आता काही खरं नाही, आत घट्ट बसलंय पीठ," ती म्हणाली. "तुझा जुना काढ ना. उद्या तू त्याच्याशी खेळ, मी मागे बसून बघते. मला बघायचंय एकदा, तू कशी करतेस ते."