चौदा पावलांचा चढ

आमच्या सोसायटीत कुणाची नवी गाडी आली की पेढे वाटले जात, चाकांखाली लिंबं ठेवली जात आणि सगळे गाडीभोवती फिरून रंगाचं कौतुक करत. कुसुमताई मोरे तेवढ्या पदर खोचून वाकत आणि गाडीच्या पोटाखाली बघत. गुडघे दुखायला लागल्यावर त्या वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसत, पण बघितल्याशिवाय राहत नसत. उठताना एवढंच म्हणत, "चालेल." मालक पेढ्यांचा बॉक्स धरून उभा आणि ही बाई म्हणते, चालेल! नव्या माणसाला राग येई. ताईंच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नाही, हे आम्हा जुन्यांना माहीत होतं.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे पोलादी दांडे तिथे तयार होत. प्रत्येक दांडा मापात आहे की नाही, हे तपासायचं काम ताईंचं. आयटीआय करून त्या खात्यात शिरलेल्या त्या पहिल्या बाई. "पहिल्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, बाई, पॅकिंग तिकडे. मी म्हटलं, ते राहू द्या, मायक्रोमीटर कुठे ठेवलाय ते सांगा." हे सांगताना त्या हसत नसत. स्वतः त्यांनी गाडी घेतली नाही, चालवायलाही शिकल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "माझे दांडे किती गाड्यांत फिरतायत. आणखी एक कशाला?"

मी ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमची ओळख वाढली ती पुस्तकांमुळे. मी दिलेलं पुस्तक वाचायच्या आधी त्या त्याची सगळी पानं मोजत. एकदा एक जाडजूड चरित्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत आणलं. "सर, यात सोळा पानं दोनदा बांधलीत आणि पुढची सोळा नाहीतच. अकरा जणांनी नेलंय म्हणता. वाचलं कुणी?" त्या अकरांत मीही होतो. मी ते सांगितलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना ते कळलं असावं. "अंदाज घरी ठेवायचा, सर," त्या म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भाजीवाल्यालाही म्हणत आणि सोसायटीच्या सेक्रेटरीलाही.

आमची इमारत कळव्याला, डोंगराच्या अंगावर आहे. खालच्या रस्त्यापासून गेटपर्यंत सिमेंटचा एक उभा चढ आहे. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपतं, शेवाळ धरतं आणि रिक्षावाले खालीच हात जोडतात. सुनीताचं, माझ्या बायकोचं, डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्या चढाची मला पहिल्यांदा भीती वाटली. आठवड्यातून तीनदा खाडीपलीकडे ठाण्याला जायचं आणि यायचं. परत येताना तिच्या अंगात जीव नसे. पहिल्याच पावसाळ्यात ती त्या चढावर घसरली. ज्या हातात सुया टोचतात तो हात तिने वर धरला आणि ती कमरेवर पडली. हात वाचला. पण त्यानंतर ती बोलायची कमी झाली. एक दिवस उशीची खोळ बदलता बदलता म्हणाली, "पावसाळ्यात दोनदाच गेलं तर नाही का चालणार? एका माणसाला वर आणायला चार माणसं लागतात. मलाच लाज वाटते."

दोनदा चालणार नव्हतं. डॉक्टरांनी ते मला स्पष्ट सांगितलं होतं आणि ते तिलाही माहीत होतं.

मी गाडी घ्यायची ठरवली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकलो. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर दर धड्याला म्हणे, "काका, स्टिअरिंग आहे ते, बसमधला दांडा नाही. सोडा थोडं." आणि रात्रंदिवस वाचणाऱ्या माणसाचं जे होतं तेच माझं झालं. बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना जाते, काही महाग गाड्यांत चारही चाकांना, असं वाचलं. चारही चाकं ओढणारी गाडी चिखलातून, बर्फातून जाते म्हणे. मग तीच घ्यायची, असं मी मनाशी पक्कं केलं. ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मोजलं का?"

"काय मोजायचं?"

"चढ. आणखी काय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाकडी फळी, गवंड्याची लेव्हल आणि टेप घेऊन खाली उतरल्या. एप्रिलचं ऊन होतं. मी फळी धरली, त्यांनी मोजलं. दहा फुटांना दोन फूट. मग भिंतीच्या सावलीतला काळपट भाग त्यांनी पावलांनी मोजला आणि दोन्ही टोकांना खडूच्या रेघा मारल्या. "चौदा पावलं. घसरडं होतं ते एवढंच. पुढे-मागे ठीक आहे. चौदा पावलांसाठी चार चाकं लावताय होय?"

"त्याच चौदा पावलांत ती पडली, ताई," मी म्हणालो.

त्या टेप गुंडाळत राहिल्या.

शीळफाट्याजवळच्या शोरूममध्ये आम्ही दोघं गेलो. विकणारा पोरगा तरतरीत होता. "सर, ऑल-व्हील घ्या ना. डोंगर असू दे नाय तर समुद्र, टेन्शनच नाय." ताई खाली वाकल्या तसा तो गडबडला. "मॅडम, खाली काय नाय, वरती सनरूफ बघा ना!"

"सनरूफवर गाडी चढते का रे?"

"नाय मॅडम."

"मग मला चाकं बघू दे. ही चारही चाकं चढताना ओढणार. उतरताना काय करणार?"

"उतरताना ब्रेक आहेत ना."

"ब्रेक साध्या गाडीलाही चारच आहेत की."

पोरगा हसला. "मॅडम, तुम्ही आमच्याकडे लागा. माझी नोकरी जाईल, पण लागा."

परत येताना बसमध्ये त्यांनी मला शांतपणे समजावलं. चारही चाकं ओढणारी गाडी मोठी, जड. आमच्या चढाच्या तोंडाशी वळण अरुंद. चालवणारा नवखा. पेशंटला दर खेपेला चढायला-उतरायला गाडी ठेंगणी हवी. "आणि सर, राग मानू नका. तुम्हाला गाडी नकोय. तुम्हाला कुणीतरी लिहून द्यायला हवंय, की सुनीता आता पडणार नाही. ते कुठलीच कंपनी देत नाही. चांगले टायर घ्या, शेवाळ घासून घेऊ, आणि साधी पुढच्या चाकांची गाडी घ्या. चढेल. मी सांगते."

मी त्यांच्या शब्दावर साधी गाडी घेतली. ती सोसायटीत आली तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे खाली बघितलं. पण त्या दिवशी "चालेल" म्हणाल्या नाहीत. "बघू," म्हणाल्या.

जून बरा गेला. जुलैच्या एका मंगळवारी दुपारी आम्ही डायलिसिसहून परतलो तेव्हा चढावरून ओढ्यासारखं पाणी येत होतं. मी गाडी वर घातली. खडूच्या रेघा केव्हाच धुऊन गेल्या होत्या, पण जागा मला पाठ होती. तिथे आलो आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रबराचा वास आला. गाडी हातभर मागे घसरली आणि तिचं तोंड गटाराकडे वळलं. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. पाऊल पाऊल मागे सोडत कशीबशी खाली सपाटीवर आणली.

सुनीता ओरडली नाही. तिने सुयांचा हात छातीशी धरला होता. "मी म्हणत होते ना," ती म्हणाली, "दोनदाच जाऊ या."

मी ताईंना फोन लावला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी वरच्या आवाजात बोललो नव्हतो. "ताई, तुमची गाडी चढत नाहीये."

"हलू नका. आले."

त्या छत्री घेऊन भिंतीच्या आधाराने उतरल्या. कुठलं चाक फिरलं, किती मागे आलो, गाडीचं तोंड कुठे वळलं, सगळं विचारून घेतलं. मग काचेशी वाकल्या आणि माझ्याकडे नाही, सुनीताकडे बघून म्हणाल्या, "चुकलं गं माझं. मी एप्रिलमध्ये मोजलं. सुकं मोजलं. कारखान्यात नव्या पोरींना शिकवलं, वापरात असताना मोजा म्हणून, आणि स्वतः सुकं मोजून बसले."

त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. मला माझ्या आवाजाची लाज वाटली. त्या वळून चढाकडे बघत उभ्या राहिल्या, मग गाडीकडे, मग परत चढाकडे.

"सर, चढावर गाडीचं वजन कुठे येतं? मागच्या चाकांवर. ओढणारी चाकं कुठली? पुढची. म्हणजे भार एकीकडे, ताकद दुसरीकडे. गाडी वळवा. तोंड खाली करा, पाठ वर. उलटी चढवा."

"रिव्हर्समध्ये? मला सपाटीवर जमत नाही, ताई!"

"मी आहे ना. आरशात मी दिसले की या. नाही दिसले की थांबा."

वळवायलाच मला पाच मिनिटं लागली. ताई गटाराच्या बाजूने एकेक पाऊल वर सरकत होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने खूण. "या. या सर. या. डावीकडे नको. या. अंदाज घरी ठेवा, माझ्याकडे बघा. या." चौदा पावलं आली. चाक एकदा फिरलं, मग धरलं. गाडी हळूहळू, न घसरता, पाठमोरी वर गेली. समोरच्या काचेतून खालचे पत्रे, रुळांच्या पलीकडची झाडं आणि राखाडी खाडी एकेक करून वर येत होती. "अगंबाई," सुनीता म्हणाली, "इथून खाडी दिसते?"

दोन दिवसांनी, गुरुवारी, ती न सांगता तयार होऊन बसली होती.

त्या आठवड्यात पाऊस उघडला तसं ताईंनी सोसायटीकडून शेवाळ घासून घेतलं आणि चौदा पावलांच्या दोन्ही टोकांना पिवळ्या ऑइलपेंटने रेघा ओढल्या. तरी जोराचा पाऊस असला की आम्ही उलटेच चढायचो आणि त्या छत्री घेऊन उभ्या असायच्या. शेजारचे चिडवत, "काय सर, आज पण गाडी रुसून माहेरी चालली का?" सुनीता खिडकीतून उत्तर देई, "माहेरीच चाललीय. कुसुमताई न्यायला आल्यात." ताई तीन पावसाळे अशा उभ्या राहिल्या. मला आता रिव्हर्स येतं, हे त्यांनाही कळत होतं. मीही म्हटलं नाही की येऊ नका.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी त्या गेल्या. चहा ठेवला होता, गॅस बंद केला होता आणि खुर्चीवर बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. पांढऱ्या साडीत त्यांना बघताना मला त्या फारच लहान वाटल्या. त्यांच्या भाच्याने बुद्धांच्या तसबिरीसमोर मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. कारखान्यातल्या दोन बाया आल्या होत्या. त्यांतली एक आम्हा दोघांना म्हणाली, "आमचा एकही दांडा खराब म्हणून परत आला नाही कधी, मोरेबाई होत्या तोवर." शनिवार सुनीताच्या डायलिसिसचा. मी म्हटलं, आज राहू दे, उद्याचं विचारू. तिने डोळे पुसले आणि चपला घातल्या. "एक दिवस चुकवला तर ताई परत पाठवतील मला."

मग पावसाळा आला. जुलैत एका दुपारी आम्ही परतलो तेव्हा चढावरून तसंच पाणी वाहत होतं. मी गाडी खाली वळवली, पाठ वर केली आणि सवयीने आरशात बघितलं. आरशात नुसता चढ होता. पिवळी रेघ होती. पाय ब्रेकवरून उचलेना. या तीन पावसाळ्यांत शिकलेलं सगळं मला येत होतं, आणि तरी उचलेना.

शेजारी काच खाली गेल्याचा आवाज आला. सुनीताने पट्टा सोडला, सुयांचा हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने दाराला धरून डोकं पावसात बाहेर काढलं आणि मागे बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली. ती मला "अहो" म्हणते, दुसरं काही नाही.

"या," ती म्हणाली. "या सर. या."