अप्पांची कॅरव्हॅन आणि काकूंचं सायबान

ताडपत्रीच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग होतो. एक मशीनखाली पडलेल्या चिंध्यांचा आणि दुसरा किश्शांचा. चिंध्या शनिवारी झाडून टाकता येतात, किश्शांचं तसं नाही. आमच्या दोन्ही मशिनी एवढ्या घरघरतात की साधं 'कात्री द्या' म्हणायचं तरी ओरडावं लागतं, आणि ओरडून बोललेलं परभणीच्या मोंढ्यातल्या अख्ख्या गल्लीला ऐकू जातं! त्यामुळे अप्पांच्या कॅरव्हॅनचं प्रकरण मी लपवायचं म्हटलं तरी उपयोग नाही. त्यापेक्षा मीच सांगते, निदान नीट तरी सांगेन.

दुकान बशीरभाईंचं. ट्रॉलीवर बांधायच्या, कापसाच्या गंजीवर झाकायच्या ताडपत्र्या आम्ही शिवतो. मी आधी घरी ब्लाउज, परकर शिवायची, मग इथं आले. स्वभाव तापट, पण माप पक्कं! असं मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार?

* * *

एक दिवस विश्वनाथअप्पा जीपमागं एक पांढरा डबा ओढत दुकानापुढं हजर! अप्पांनी चाळीस वर्षं गल्लीच्या टोकाला भांड्यांचं दुकान चालवलं. आता ते मुलाच्या हवाली केलं आणि पुण्याहून ही दोन माणसांची जुनी कॅरव्हॅन आणली. आत एक पलंग, एक शेगडी, एक बेसिन.

बघता बघता गर्दी जमली. एकानं विचारलं, "अप्पा, वडापाव कसा दिला?" दुसऱ्याला मिसळ हवी होती. अप्पा कळवळून सांगत होते, "आरं, घर हाय हे माझं! राहायचं घर!"

बशीरभाईंनी डब्याला एक फेरी मारली, पुढचा दांडा हलवून बघितला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अप्पा, इसकू बैल किधरसे जोतते?"

* * *

अप्पांना हिंडायचं होतं. आधी झरी, बोरीवरून वेरूळ, मग रस्ता नेईल तिकडं. पण गिरिजाकाकूंची, म्हणजे त्यांच्या मंडळींची, एक अट होती. काकू सकाळी आंघोळ करून तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतात. ती निवांत झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. कॅरव्हॅनमध्ये त्या एकदा बसून आल्या आणि निकाल देऊन टाकला. "गुडघा शेगडीला, पाठ पलंगाला! पूजेला जागा न्हाई तिथं मी न्हाई."

मग तोडगा निघाला. कॅरव्हॅनच्या दाराला लागून कापडी छत करायचं, त्याला बाजूनं पडदे लावायचे, की झाली काकूंची खोली. बशीरभाई अशा छताला सायबान म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. ते घेऊन त्याच वाटेवरच्या झरीला पाहुण्यांच्या शेतात एक सकाळ काढायची. पूजा निवांत झाली तर निघायचं, नाही तर गाडी विकायची.

"सुनंदा, आता समदं तुझ्या सुईवर हाय बघ," अप्पा म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

* * *

कॅरव्हॅनच्या दाराच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अल्युमिनिअमची एक बारीक नळी होती आणि तिला लांबच लांब चीर. बशीरभाई म्हणाले, "इसमें पानी घुसेगा, पत्रा सडेगा." पाणी आत जाऊ द्यायचं नाही हा तर आमचा धंदाच! आम्ही दिवसभर खपून ती चीर सिलिकॉननं बुजवली. मी वरून बोट फिरवून अशी गुळगुळीत केली की बघत राहावं. हे काम फुकट, असंही अप्पांना ऐटीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. वर बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"सुनंदा, हा नेफा कुणी बुजवला गं?"

"नेफा?"

"आगं, परकराचा नेफा असतोय तसाच हाय की ह्यो! कापडाच्या काठात दोरी शिवायची अन् एका टोकाकून सरकवत न्ह्यायची. त्येच्यासाठीच ठिवलाय."

इतके परकर शिवले मी, आणि मला दिसलं नाही! राग स्वतःचाच आला होता, पण ओरडले बशीरभाईंवर. मग दोन दिवस आम्ही दोघं स्टुलावर उभे राहून हेअरपिनांनी सिलिकॉन कोरत होतो. सुतळी जाड झाली, नायलॉनची दोरी निसटायला लागली. शेवटी कपडे वाळत घालायची प्लास्टिकची तार शिवली, तिला मेणबत्ती घासली आणि ओढली. सर्रकन या टोकाकडून त्या टोकाला! मी आणि बशीरभाई भर रस्त्यात टाळ्या वाजवत होतो.

* * *

पुढच्या बाजूला पाय हवेत म्हणून शेजारच्या वेल्डरनं मांडवाचे लोखंडी पाईप आणून दिले. ते उचलायला चार माणसं लागली. अप्पा म्हणाले, "गाडी वढायला जीप हाय. तंबू वढायला आता ट्रॅक्टर घिऊ का?"

दोन दिवसांनी अप्पा स्वतःच हलके अल्युमिनिअमचे दोन लांब दांडे घेऊन आले. कुठून आणले ते सांगेनात. वेल्डरनं त्यांना तळाला पट्ट्या लावल्या, वर हुक लावले, झकास पाय तयार झाले. सायबान उभं राहिलं, अप्पा एक पाय धरून खुशीत उभे, तेवढ्यात त्यांचा मुलगा दुकानातून धावत आला.

"अप्पा, आपली शिडी कुठंय? गिऱ्हाईक वरच्या फळीवरचा हंडा मागायलंय!"

अप्पांनी हातातला पाय सोडला नाही. शांतपणे म्हणाले, "त्येला म्हण, खालचाच हंडा लय चांगला हाय."

* * *

राहिल्या खुंट्या. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात खुंटी वाकते आणि पाणी ओतलं तर माती ती गिळून टाकते. मला एकदम सुचलं! उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवायच्या. जिथं थांबाल तिथली माती भरून पायांना बांधायच्या, निघताना ओतून टाकायच्या. मी एवढी खूश झाले की जेवायचं विसरले.

गल्लीत मात्र सगळं सिमेंट, माती आणायची कुठून? बशीरभाईंनी शेजारच्या आडतीवरून ज्वारी आणली. "शाम को वापस देंगे." पिशव्या भरल्या, सायबान ताठ! काकू आत चटई टाकून, डोळे मिटून पूजेला बसता येतंय का ते बघत होत्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला.

"सुनंदा, तोंडावर ऊन कुठून आलं गं?"

सायबानाची एक बाजू वर उचलली होती. खाली दोन शेळ्या, पिशवीचं तोंड उघडं, आणि त्यांच्या माना आतमध्ये.

बशीरभाई ओरडले, "अरे बाई, बुनियाद खा गई!"

* * *

झरीची सकाळ उजाडली. मी आणि बशीरभाई टेम्पोनं मागून गेलो. शेतात जीप थांबल्यावर काठाला मेणबत्ती घासून सायबान सरकवलं, शिडीचे पाय लावले, पिशव्यांत शेतातली माती भरली, पडदे सोडले. काकू आंघोळ करून आत गेल्या आणि आतून चेन लावली. अप्पा एका दगडावर बसले. त्यांचा पाय सारखा हलत होता.

तेवढ्यात बांधावरून बायका यायला लागल्या. पांढरी गाडी, बाजूला निळा तंबू, म्हणजे डोळे तपासायचं शिबिर, अशी त्यांची खात्री! आता मला ओरडताही येईना. मी प्रत्येकीजवळ जाऊन कुजबुजले, "शिबिर न्हाई हो, आत पूजा चाललीय."

"मग पूजा झाल्यावर तपासतेत," एक म्हातारी म्हणाली आणि ओळीनं अकरा बायका खाली बसल्या. वारं सुटलं. मी एका पायाला मिठी मारली, बशीरभाईंनी दुसऱ्या. पण पिशव्या जागच्या हलल्या नाहीत!

चेन उघडली. कपाळाला विभूती लावलेल्या काकू बाहेर आल्या. समोर अकरा बायका, तोंडावर बोट ठेवून. काकूंनी सगळ्यांकडं बघितलं.

"सुनंदा, चहा टाक. बायांना आत घे, ऊन लागायलंय."

अकराही बायका सायबानात मावल्या. अप्पा तेवढे बाहेर राहिले. तिथूनच त्यांनी विचारलं, "झाली का निवांत?"

"बघू," काकू म्हणाल्या.

अप्पांचा चेहरा उतरला. एवढं शिवलं, कोरलं, आणि 'बघू'?

बायका गेल्यावर आम्ही सगळं उतरवलं. सायबानाची घडी ठेवायला मी कॅरव्हॅनमध्ये गेले आणि पलंगाखालच्या पेटीचं झाकण उचललं. आत बोट शिरायला जागा नव्हती. काकूंची सात पातळं, अप्पांचे इस्त्री केलेले सदरे, दोन स्वेटर, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, फडक्यात बांधलेले धपाटे, पापड आणि औषधांची पिशवी. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

"झाकण लाव, सुनंदा. अन् वरडू नको."

बाहेर अप्पांनी जीप सुरू केली होती. पडलेल्या आवाजात म्हणाले, "चला. परभणीला जाऊन गाडीला गिऱ्हाईक बघतो."

काकू पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पदर नीट केला.

"जीपचं तोंड तर बोरीकडं हाय," त्या म्हणाल्या. "उगं वळवायचा ताप कशाला?"