खुंटीवरचं उपरणं

जगात कापडाचे दोनच प्रकार असतात, एक माणसाच्या अंगावरचं आणि दुसरं बाहुलीसाठी मोकळं झालेलं, असं आमच्या मोठेबाबांचं ठाम मत होतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दारातून आत येताना त्यांना वाकावं लागे. आवाज असा, की आमच्या उंद्री गावच्या शिवारात त्यांनी आपल्या बैलांना थांबायला सांगितलं की शेजारच्या वावरातले बैलही थांबत. मिशांना घाबरून भांडणं मिटत. आणि हा गृहस्थ भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज दुपारी ओट्यावर मांडी घालून आम्हा पोरींबरोबर चिंध्या शिवत बसे. त्या महिन्यात आमच्याकडे घरोघरी मातीची भुलाबाई बसते. ती माहेरी आलेली लेक. रोज संध्याकाळी पोरी तिच्यापुढे गाणी म्हणतात, झाकल्या डब्यातली खिरापत ओळखतात, आणि कोजागिरीला तिची पाठवणी होते. लेक सासरी जाताना अंगावर धड कपडा हवा, एवढं एकच कारण मोठेबाबांना सुई हातात घ्यायला पुरे होतं.

पुरुषानं शिवायचं म्हणजे बैलाची झूल, त्यापुढं नाही, असा गावाचा दंडक. मोठेबाबांची झूल पोळ्याला सगळ्यांत देखणी असे आणि तोवर कोणी काही बोलत नसे. पण पोळा संपला की झुलीतून उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, या प्रश्नावरून ते बाहुल्यांकडे वळले ते वळलेच. पारावर कोणी हसलं तर म्हणत, "बैलाचं पाठांगण झाकता येते त्याले बाहुलीचं झंपर काऊन जड जाईन? बैल तं शिंगंही मारते." मग पारावरचं बोलणं पुन्हा पीकपाण्यावर येई.

त्यांच्या हाताखाली आम्ही काय काय केलं! जुन्या धोतराच्या चौकोनात मूठभर कापूस ठेवून गाठ मारली की डोकं. ज्वारीच्या धांड्याचे हात. सीताफळाच्या काळ्याभोर बियांचे डोळे, आणि उरलेल्या बियांची गळ्यात माळ. हे सगळं मजेचं वाटतं, पण ओट्यावर धाक असा असे की शाळेत नसेल. टाका मोठा पडला की "हे काय पोत्याचं तोंड शिवून राह्यली का व?" अशी गर्जना होई आणि सगळं उसवून पुन्हा. दोरा हातभर लांब घेतला तर तो आळशाचा. सुई मात्र ते कोणाला ओवू देत नसत. एक डोळा मिटून, दोरा ओठांवर फिरवून, पहिल्याच झटक्यात तो सुईत घालत आणि आमच्याकडे असं पाहत जणू लंका जिंकली. कोणी मदतीला हात पुढं केलाच तर म्हणत, "सुई ज्याची त्यानंच ओवाव."

त्या महिन्यात आमच्या घरात एक नियम होता: खुंटीवर कापड ठेवायचं नाही. खुंटीवरचं कापड म्हणजे मोकळं कापड. माझ्या वडिलांच्या कोटाचं अस्तर असंच गेलं आणि त्यांना ते खिशात घातलेली सुपारी पायावर पडली तेव्हा कळलं. मोठ्याआईचं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोचं, वाळत घातलेलं खणाचं चोळीकापड भुलाबाईच्या अंगावर दिसलं, तेव्हा ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "घरातल्या भुलाबाईले चोळी नाई अन् मातीच्या बाईले खण!" हे मात्र ती भिंतीशी बोलली. मोठेबाबा मनापासून ओशाळत, कानाला हात लावत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची नजर पुन्हा खुंटीकडे जाई.

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी नेमकं कोजागिरीच्या दिवशी सोनाळ्याहून ताईला पाहायला पाहुणे यायचे होते. ताई मोठेबाबांची एकुलती एक लेक. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, आणि दोन्हीकडून कानावर आलं होतं ते एकच: पोरगी चांगली आहे, पण बाप बाहुल्या शिवतो, घराण्यात काहीतरी कमी असेल. ताई हे ऐकून हसली होती. मोठेबाबा हसले नव्हते. त्यांनी त्या रात्री सुई पेटीत ठेवली आणि सकाळी परत काढली, एवढंच मला आठवतं.

पाहुण्यांच्या दिवशी मोठ्याआईनं पहाटेच सुया, दोरा आणि कात्री कोठीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आजच्या दिस हात आवरा. लेकीचं नशीब हाये," ती म्हणाली. मोठेबाबांनी देवापुढं जाऊन कबूल केलं. सोनाळ्याचे पाहुणे आले. मुलाचे वडील, तिथले पाटील, आणि एक म्हातारे काका. वडील अगदी करडे, चहाची बशीसुद्धा तपासून घेणारे. पाय धुवायला जाताना त्यांनी खांद्यावरचं हिरव्या जरीकाठाचं उपरणं काढलं आणि ओसरीतल्या खुंटीवर टांगलं. ते पाहून मी आधी मोठेबाबांकडे पाहिलं. पण पाहुण्यांना सांगणार कोण, की आमच्याकडे उपरणं मांडीवर घेऊन बसायचं असतं?

ताई आली, खाली मान घालून बसली. "शिवणटिपण येते का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. मोठ्याआईनं झटकन राघू-मैना भरलेला रुमाल पुढं केला. पाहुण्यांनी तो उलटसुलट करून टाके पाहिले, उजेडात धरला, आणि पहिल्यांदाच बरं वाटल्यासारखी मान हलवली. मोठेबाबा छताकडे पाहू लागले, कारण तो राघू त्यांचा होता. मैनाही त्यांचीच.

जेवणं झाली. पाहुणे माजघरात आडवे झाले. निरोप संध्याकाळच्या एसटीला निघताना सांगतो म्हणाले. आता फक्त चार तास काढायचे होते. मोठेबाबा हात मांड्यांखाली दाबून बसले होते. आम्ही पोरी अंगणात पाच धांडे बांधून भुलाबाईचा मांडव उभा करत होतो. मांडव झाला, फुलं झाली, आणि लक्षात आलं की पाठवणीचा शालू नाही. तो दरवर्षी मोठेबाबाच शेवटच्या दुपारी शिवत. कोणीतरी ओसरीत जाऊन म्हणालं, "मोठेबाबा, भुलाबाई उघडीच चालली सासरी."

त्यानंतर काय झालं ते कोणी पाहिलं नाही. कात्री कोठीत होती, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या विळीवर दोडका चिरावा तसं कापड कापलं, हे पुढं कळलं. सुई दोऱ्यासकट त्यांच्या फेट्याच्या घडीत होती. ती तिथं बाराही महिने असे, हे मोठ्याआईला तीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. तासाभरानं ते अंगणात आले, भुलाबाईला शालू नेसवला आणि दूर जाऊन बसले. काय देखणा शालू! आम्ही टाळ्या वाजवल्या; कापड कुठून आलं हे विचारायचं मलाही सुचलं नाही.

दिवेलागणीला ताई समई घेऊन अंगणात आली आणि मांडवापुढं जागच्या जागी थिजली. सकाळी खाली मान घालून बसल्यामुळं तिनं पाहुण्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण समोरच्या खुंटीवरून खाली लोंबणारा त्यांच्या उपरण्याचा काठ तेवढा वेळ पाहून तिला पाठ झाला होता.

तेवढ्यात आतून आवाज आला, "माहं उपरणं दिसत नाई?" मोठीआई धावली. खुंटीवर लोंबत होतं ते निम्मंच. पाहुणे ते हातात घेऊन अंगणात आले. आमची गाणी थांबली. त्यांनी हातातला काठ पाहिला, भुलाबाईचा काठ पाहिला.

"माह्याकडून कापल्या गेलं," ताई म्हणाली. पाहायला आलेल्या मुलीनं तोंड उघडणं हीच मोठी गोष्ट. "म्या पाह्यलं नाई कोणाचं हाये ते."

"खोटं बोलून राह्यली पोरगी," मोठेबाबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "म्या कापलं. म्याच शिवलं."

पाहुणे भुलाबाईपुढं उकिडवे बसले. शालूच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, बराच वेळ. मग मान वर करून म्हणाले, "म्हंजे तो राघूही तुमचाच?"

"हाव."

"अन् मैना?"

"तेही."

"मंग पोरीले काय येते?"

मोठ्याआईनं तोंडाला पदर लावला. सगळं संपलं असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. मोठेबाबांनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "बापावर आलेलं आपल्या आंगावर घेनं येते. आत्ता तुमच्यासमोर घेतलं ना तिनं. दुसरं म्या काई शिकवलं नाई, पाटील. मले सुईशिवाय काई येत नाई."

करडे पाहुणे उठले. उरलेलं उपरणं झटकलं, नीट घडी केली, आणि जाऊन पुन्हा खुंटीवर टांगलं. "एसटीची वेळ झाली," म्हणाले. "हे इथंच राहू द्या. मांडवात येतो तवा जोडून द्या."

माघात लग्न झालं. मोठेबाबांनी भुलाबाईचा शालू उसवून उपरणं असं जोडून दिलं की सांधा शोधावा लागे. ताई सोनाळ्याला गेली, सातपुड्याच्या पायथ्याला, एका एसटीत पोचता न येणाऱ्या ठिकाणी.

पुढल्या वर्षी भुलाबाईत ती माहेरी आली. आल्या आल्या तिनं पेटीतून सासरची कोरी जांभळी साडी काढली आणि मुद्दाम, सगळ्यांसमोर, ओसरीतल्या खुंटीवर टांगली. आम्ही पोरी खूश झालो, त्या वर्षीच्या शालूची ददात मिटली. दुपारी मोठेबाबा उठले, खुंटीपाशी गेले. साडीवरून हात फिरवला. मग ती काढली, घडी घातली आणि ताईच्या पेटीत नेऊन ठेवली.

"काऊन बाबा? तुमच्यासाठीच टांगली होती," ताई म्हणाली.

"नाई व माय," ते म्हणाले. "ते आता तुह्या घरचं कापड हाये. त्याले माही कात्री लागत नाई."

ते ओट्यावर येऊन बसले, जुन्या धोतराचा तुकडा घेतला आणि दोरा ओठांवर फिरवला. पहिल्या झटक्यात तो सुईत गेला नाही. दुसऱ्यांदाही गेला नाही. डोळे पुसले, पुन्हा करून पाहिलं. मग सुई आणि दोरा माझ्यापुढं धरून म्हणाले, "घे व, तू ओव."