पहिला छिलका उठेपर्यंत

माझ्या संगणकातल्या हत्याराला मी अशी धार दिली होती, जशी जगात कुठल्याच हत्याराला नसते, आणि हे मला सहा महिने उमगलं नाही. त्या काळात वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पोरांना हत्याराची धारच शिकवत होतो, हेही सांगून टाकतो.

पीएचडीचा विषय असा: तांब्यावरून केसाहून बारीक थर सोलताना पहिला छिलका कसा उठतो, ते संगणकावर आधीच दाखवायचं. माझ्या पडद्यावर हत्यार टेकताच छिलका झोकात वळत वर यायचा. कॉलेजच्या मशीनवर मात्र सुरुवातीला काहीच निघायचं नाही, तांबं नुसतं घासलं जायचं. नागपूरच्या गाइडनी बजावलं होतं, शनिवारपर्यंत दोन्ही जुळलं नाही तर मुदतवाढीवर सही नाही.

सोमवारी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारे टर्नर मशीनवर सोललेल्या तांब्याचे नमुने द्यायला घरी आले. बायको चहा घेऊन आली तेव्हा ते पडद्याकडे पाहत होते.

"सर, हे टूल कोनं घासलं जी?"

"कोणी नाही. मीच काढलंय, संगणकात."

"तरीच. आमचं टूल भिंगाखाली पाहा, धार गोल दिसते. मोठ्या कापात चालून जाते थे. तुम्ही तं त्या गोलाईहून बारीक सोलून राह्यले. मंग थे सोलत नाई, दाबते."

मी मान हलवली, जणू मला माहीतच होतं.

ते जाताच मी धार गोल केली आणि गणित पुन्हा लावलं. तीन दिवस लागणार होते. आम्ही राहायचो त्या सिंदी मेघेत तेव्हा लोडशेडिंग. मध्येच इन्व्हर्टर बसला की सगळं पहिल्यापासून. पंखा, टीव्ही बंद करवले. कॉलेजातून दर तासाला घरी फोन. बायको म्हणायची, "हाय चालू. तुम्ही पोरायले शिकवा." बुधवारी इन्व्हर्टर गुरगुरला, तर मी त्याच्यावर हात ठेवून उभा राहिलो, ताप बघावा तसा.

गुरुवारी संध्याकाळी पडद्यावरचं तांबं आधी हत्याराखाली दबलं, पुढे जरा फुगलं आणि मग कुठे छिलका उठला. नमुन्यात होतं अगदी तसं.

शनिवारी सही झाली. गाइड म्हणाले, "धारेचं छान सुचलं तुम्हाला." मी हसलो. घरी येऊन हे बायकोला तोऱ्यात सांगितलं.

ती म्हणाली, "नुसते हसले? टर्नरभाऊचं नाव नाई घेतलं? लावा आत्ता फोन गाइड सरायले. मी इथंच उभी हाय."